बोटीच्या पोटातलं सागवान

पेणची भोगावती आणि रोह्याची कुंडलिका या दोन्ही नद्या खाडीतून समुद्राला मिळतात. रस्ते आणि रेल्वे नव्हती, तेव्हा आसपासच्या डोंगरांतलं लाकूड याच खाड्यांमधून मुंबईकडे जायचं. रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं त्या काळातल्या इंग्रजी गॅझेटियरांनी इथल्या सागाला कोकणात पहिला मान दिला आहे. त्याच्या वर ठेवलाय तो फक्त मलबारचा साग. घरबांधणीच्या लाकडाबरोबरच जहाजांसाठी वाकड्या ओंडक्यांचा व्यापार चालायचा, अशीही नोंद आहे. वाकड्या लाकडाला एवढी मागणी का? बोटीच्या बरगड्यांना बाक लागतो. सरळ फळीतून कापून काढलेल्या बाकात लाकडाच्या रेषा तुटतात, झाडाने वाढतानाच घेतलेल्या बाकात त्या अखंड राहतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारी लाकडाबद्दल जे लिहून ठेवलं, ते आजही वाचण्यासारखं आहे. सागासारखी झाडं हुजूरच्या परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात.

सागाची ताकद पाहायची तर मुंबईत बांधलेल्या दोन नौका पुरेशा आहेत. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. दुसरी ‘सुहैली’, जेमतेम 32 फुटांची. 1960च्या दशकात मुंबईच्या सुतारांनी ती सागवानात हातांनी घडवली. 14 जून 1968 रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकटे निघाले आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा पुरी करून परतले. हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. पुढे तिची दुरुस्ती निघाली, तेव्हा मोठं काम निघालं ते गंजलेल्या लोखंडी खिळ्या-बोल्टांचं.

आजच्या शिडाच्या बोटींचं बाहेरचं अंग बहुधा फायबरग्लासचं असतं. पण आत उतरलं की झोपायचे बाक, नकाशांचं टेबल, उतरायच्या पायऱ्या, कपाटांच्या कडा अजूनही अनेकदा सागवानी दिसतात, आणि त्यांतल्या काहींवर व्हार्निशऐवजी तेलाचा हात असतो. याला चांगली कारणं आहेत. आत ऊन पोचत नाही, त्यामुळे उघड्या डेकवर लवकर उडून जाणारं तेल इथे टिकतं. ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं. व्हार्निशचा थर फुटला, की पाणी त्याच्याखाली शिरतं आणि काळा डाग पसरत जातो.

तेल मात्र कुठलंही चालत नाही. कोकणात हाताशी असतं ते खोबरेल. पण ते कधी सुकत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरून ठेवतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. बिडाच्या तव्यावर तापलेल्या तेलाचा काळा थर बसतो, त्यामागचं रसायन बरंचसं हेच. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते हेच जवसाचं तेल, लवकर सुकेल असं केलेलं. टंग तेल महाग, पण ते कमी काळवंडतं. आणि ‘टीक ऑइल’ नावाच्या डब्यात सागाचं तेल नसतं. बहुधा जवसाचं किंवा टंग तेल, पातळ करणारं द्रव्य आणि कधी थोडं व्हार्निश असं ते मिश्रण असतं.

सागाला तेलाची भूक असते, भरपूर पाजावं, हा समज बोटींचं बरंच नुकसान करतो. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं. वाळवी आणि बुरशी त्यामुळेच त्याच्यापासून लांब राहतात. त्याला वरून जास्त तेल दिलं तर ते जिरत नाही. पृष्ठभागावर चिकट साय धरते आणि पावसाळ्यात त्या सायीवरच बुरशी वाढते.

लाकडाचा खरा त्रास मिठाचा. ओल्या कपड्यांबरोबर आत आलेलं मीठ सुकतं, पण हवेतलं बाष्प ओढून पुन्हा ओलं होतं. म्हणून पहिलं काम गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळं लाकूड पुसण्याचं आणि ते पुरतं वाळू देण्याचं. लोखंडामुळे पडलेले काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने निघतात. ते विषारी असतं, हातमोजे हवेतच, आणि नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवायची. मग पॉलिशपेपर, 120पासून 220 नंबरपर्यंत, नेहमी रेषांच्या दिशेने. इथे घाई महागात पडते. बोटीतली बरीचशी फळी म्हणजे प्लायवूडवर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा, अनेकदा एक मिलिमीटरपेक्षाही कमी. तो एकदा घासून गेला, की खालचं प्लाय उघडं पडतं आणि तुकडा बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

तेल कापडाने पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि उरलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. हे पुसणंच खरं काम. असे दोन-तीन हात, मध्ये किमान एक दिवस सोडून. पुढे वर्षाला एखादा हात पुरतो.

वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या 38 मजली इमारतीला 1991 साली अशाच फडक्यांमुळे आग लागली, तीन अग्निशामक जवान गेले. फडकी पसरून उन्हात वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

पेण-रोह्याच्या पट्ट्यात पाऊस साधारण 3,000 मिलिमीटर, म्हणून तेलकामाचे दिवस दिवाळीपासून होळीपर्यंतचे. जूनमध्ये बोट शाकारताना गाद्या उभ्या कराव्यात, कपाटांची दारं उघडी ठेवावीत, वारा खेळता राहील असं पाहावं. आणि कपडे ठेवायच्या कपाटांना आतून तेल लावूच नये: बंद जागेत ते नीट सुकत नाही, आणि त्याचा वास कपड्यांतून महिनोन्‌महिने जात नाही.