आईची पाठ, स्कूटरचा शॉकअप आणि चुंबकाने घट्ट होणारं तेल

विरार लोकलच्या गर्दीत ज्यांना हा भाग नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी लेखी स्वरूपात.

गेल्या पावसाळ्यात आईला स्कूटरवर मागे बसवून विरारहून अर्नाळ्याला निघालो होतो. तिचं पाठीचं दुखणं जुनं, म्हणून आदल्या दिवशी मेकॅनिककडून मागचा शॉकअप 'सॉफ्ट' करून घेतला. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तो पूर्ण दबून धाडकन आपटला. आई कळवळली. चूक माझीच. मी सैल करून घेतली होती स्प्रिंग, आणि वर वजन दोघांचं!

मग हे प्रकरण समजून घ्यायला बसलो. स्प्रिंग धक्का झेलते, पण ती एकटी असती तर गाडी उड्याच मारत राहिली असती. त्या उड्या थांबवतं शॉकअपमधलं तेल. पिस्टनच्या बारीक भोकांतून ते रेटलं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. गोची अशी की भोकं कारखान्यातच ठरतात. मोठी असली तर प्रवास मऊ, पण वळणावर गाडी डुलते. बारीक असली तर पकड चांगली, पण रस्त्यावरचा खडा न् खडा कमरेला कळतो.

भोकं तीच ठेवून तेलच बदलता आलं तर? वालीवच्या एका गाळ्यातून ग्राइंडरखालची लोखंडी पूड आणली, तेलात कालवली आणि बाटलीला बाहेरून चुंबक लावला. पातळ तेल तिथे चक्क्यासारखं घट्ट! चुंबक काढला, परत पातळ.

याचंच नाव मॅग्नेटोरिऑलॉजिकल द्रव. अमेरिकेत जेकब रॅबिनोव यांनी १९४०च्या दशकात तो शोधला. शॉकअपमध्ये चुंबकाऐवजी पिस्टनवर तारेची कॉइल असते. करंट दिला की लोखंडाचे सूक्ष्म कण साखळ्या धरतात आणि काही मिलिसेकंदांत तेल अडतं. २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएस या कारमध्ये हे तंत्र आलं.

पण किती करंट द्यायचा, हे तेलाला कुठे कळतंय? तिथे आमची जमात येते. सेन्सर गाडीची हालचाल सांगतात, कोड निर्णय घेतो. 'स्कायहुक' नावाचा प्रसिद्ध नियम तर जवळपास एका इफ-एल्समध्ये मावतो: शॉकअपच्या विरोधाने गाडीची वरखाली हालचाल मंदावणार असेल तर करंट वाढव, नाहीतर सोड. जणू गाडी आभाळाला टांगली आहे!

मात्र हा शॉकअप खड्डा बुजवत नाही. खड्डा फारच खोल असेल, तर स्मार्ट शॉकअपसुद्धा आपटतोच. शिवाय हे तंत्र महाग, आपल्या स्कूटरला सध्या न परवडणारं.

तोवर एवढं करा: मागे कोणी बसणार असेल तर स्प्रिंग वजनाप्रमाणे कसून घ्या, शॉकअपमधून तेल गळत असेल तर तो बदला, आणि खड्ड्याआधी वेग कमी करा. आई आता मागे बसते तेव्हा मी हेच करतो. तरी ती म्हणतेच, "हळू रे!"

भेटूया पुढच्या भागात.