चिठ्ठीवरचं डबकं

गेल्या पावसाळ्यात एका रात्री ट्यूबलाइटवर आपटून एक किडा माझ्या ताटाशेजारी पडला. राखट-पिवळा, नखाएवढा, पाठीवर सुईने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके. त्याला धड चालता येईना. मागचे पाय वल्ह्यांसारखे मारत जागच्या जागी गरगरत होता. पाण्यातला जीव जेवणाच्या टेबलावर कसा, हे विचारायला मी कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीकडे गेले. ती म्हणाली, "ताई, डबक्यावरच चला."

सासवडकडच्या एका बंद दगडखाणीत ढोपरभर गढूळ पाणी साचलं होतं. तिने जाळं फिरवलं, गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला. पाणी निवळलं तसा तोच राखट पाणभुंगा दिसला. त्याचं नाव एरेटेस. केसाळ मागचे पाय दोन्ही एकदम मारत सरसर तळाशी जायचा, मग मागच्या टोकाने वर येऊन पंखांच्या कवचाखाली हवा भरून घ्यायचा. मी बघतच राहिले.

"याच्या चार जाती आहेत," ती म्हणाली. 1767 मध्ये लिनियसने दिलेल्या 'स्टिक्टिकस' या नावाखाली ऑस्ट्रेलिया सोडून जवळजवळ साऱ्या जगातले एरेटेस घातले जात. 2002 मध्ये कीटकशास्त्रज्ञ केली मिलर यांनी चार जाती वेगळ्या केल्या. अमेरिकेतले काही 'एक्सप्लिसिटस' झाले, आशियातले बरेचसे 'ग्रिसियस'. वरून चारही जवळजवळ सारखेच. खात्री पटते ती नराचा जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. म्हणजे जुन्या यादीत नुसतं 'स्टिक्टिकस' लिहिलं असेल, तर नेमका कोणता ते नमुना पुन्हा काढून बघावं लागतं.

तिने भुंगा अल्कोहोलच्या कुपीत टाकला आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली. साधी शाई अल्कोहोलमध्ये उतरते. गाव, तालुका, तारीख, पाण्याची खोली. "चिठ्ठी हरवली की भुंगा कुठलाच राहत नाही," ती म्हणाली. डबकं आटायला लागलं की हे उडून दुसरं पाणी शोधतात. रात्री दिव्यावर येतात ते त्या वाटेवरच. अशा चिठ्ठ्यांवरून बनलेल्या नकाशावर जिथे ठिपका नाही, तिथे बहुतेक वेळा कुणी जाळं घेऊन गेलेलंच नसतं.

माझ्या ताटाजवळचा किडा मी त्या रात्री झाडून टाकला होता. चारांतला तो कोणता, ते आता कळायचं नाही. आता स्वयंपाकघराच्या खिडकीत कुपी आणि पेन्सिल ठेवली आहे.