पाचशे उड्या आणि खालचा मजला

दिवाळीच्या सुट्टीत राजाजीनगरला घरी गेलो की पहिले दोन दिवस झोपेत जातात आणि तिसऱ्या दिवशी अंग जड वाटू लागतं. म्हणून या वेळी रोज सकाळी दहा वाजता हॉलमध्ये दोरीवरच्या पाचशे उड्या सुरू केल्या. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आंटी जिन्यात भेटल्या. त्या नर्स आहेत. "रोज किती उड्या मारतोस?" त्यांनी हसतच विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "पाचशे!"

"काल मी चारशे ऐंशीच मोजल्या."

त्यांची रात्रपाळी चालू होती. नऊला घरी येऊन त्या झोपत, आणि दहाला त्यांच्या डोक्यावर मी! त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरं तर मी नियमात होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. हा फरक वाटतो तेवढा लहान नाही, कारण डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट, २० वाढले म्हणजे शंभरपट. पण नियमातली रात्र घड्याळाची आहे. आंटींची रात्र सकाळी नऊला सुरू होते.

मग मी प्रयोग केला. आमच्यावर थेट गच्ची आहे. धाकट्या बहिणीला तिथे उड्या मारायला लावलं आणि स्वतः हॉलमध्ये उभा राहिलो. (प्रत्येक शंभर उड्यांना एक चॉकलेट, असा करार करावा लागला.) डॉ. राजकुमार रस्त्यावरचे हॉर्न खिडकी लावली की कमी होतात, कारण ते हवेतून येतात. उड्यांचा आवाज मात्र खिडक्या लावूनही तेवढाच राहिला. पायाचा आघात थेट स्लॅबला बसतो, स्लॅब थरथरतो आणि खालच्या खोलीसाठी ढोलाच्या पानासारखा वाजतो. उडी मारणाऱ्याला त्यातलं फारसं काही ऐकू येत नाही. बहीण तर म्हणाली, "आवाज कुठे होतोय?"

नंतर तिच्या पायाखाली गोधडीची चौपदरी घडी टाकली. 'धप्'चं 'बद्' झालं. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तेच हे तत्त्व: आघाताला थोडा जास्त वेळ मिळाला की त्याचं बल कमी होतं. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या बसवतात त्या यासाठीच. लोखंडी ट्रंक फरशीवरून ओढली की खाली काय ऐकू येत असेल, हे वरच्या डॉर्मिटरीतल्या माझ्या मित्रांना आता वेगळं सांगायला नको. दोघांनी उचलली तर ती वाजतच नाही.

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलांवर आवाज मोजण्याची यंत्रं लावली होती. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! २०२० च्या सुरुवातीला त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. हॉर्नवाल्याला निदान आपला आवाज ऐकू तरी येतो.

गोधडीवरही 'बद्' उरतंच, म्हणून उरलेली सुट्टी मी मैदानावर गेलो. जिना उतरताना बूट हातात घ्यायचो. आजी दारातून म्हणायची, "निघाला बघा चोर!"