मते पाच टक्के, जागा शून्य : न्यूझीलंडच्या व्हॅल्यूज पार्टीचा आढावा

पर्यावरणवादी राजकीय पक्षांच्या इतिहासाची सुरुवात सर्वसाधारणपणे जर्मनीच्या ‘ग्रीन’ पक्षापासून केली जाते; परंतु असे पक्ष त्याआधीच दक्षिण गोलार्धात स्थापन झाले होते. मार्च १९७२ मध्ये टास्मानियात पेडर सरोवर वाचवण्याच्या चळवळीतून ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ उभा राहिला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वेलिंग्टन येथे टोनी ब्रंट या तरुण पत्रकाराच्या पुढाकाराने ‘व्हॅल्यूज पार्टी’ची स्थापना झाली. पहिला गट एका राज्यापुरता मर्यादित होता, तर दुसरा पक्ष राष्ट्रीय निवडणुका लढवणारा असल्याने देशपातळीवरील पहिला पर्यावरणवादी पक्ष म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

या पक्षाला अनुकूल भूमी आधीच तयार झालेली होती. ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी मानापौरी सरोवराची पातळी वाढवण्याच्या योजनेविरुद्ध १९७० मध्ये सादर झालेल्या अर्जावर सुमारे २,६५,००० सह्या होत्या, आणि त्या वेळी देशाची लोकसंख्या तीस लाखांच्याही आत होती. मात्र व्हॅल्यूज पार्टीने स्वतःला निसर्गरक्षणापुरते बांधून घेतले नाही. ‘शून्य वाढ’, म्हणजे उत्पादन आणि लोकसंख्या सतत वाढवत न नेता त्यांना स्थिर पातळीवर आणणे, हे तिचे मुख्य सूत्र होते; आणि त्याच्या जोडीने स्त्रियांची समानता, समलैंगिकतेविषयीच्या कायद्यातील सुधारणा, अण्वस्त्रविरोध व सत्तेचे विकेंद्रीकरण या मागण्या तिने मांडल्या.

१९७२ च्या निवडणुकीत पक्षाला सुमारे दोन टक्के मते मिळाली आणि १९७५ मध्ये ती ५.२ टक्क्यांवर गेली; तरीही संसदेत एकही जागा पदरात पडली नाही. तेव्हाची निवडणूक पद्धत भारतातील लोकसभेच्या पद्धतीसारखीच होती, म्हणजे मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येई, आणि त्यामुळे ८७ मतदारसंघांत विखुरलेली सुमारे ८३,००० मते जागांच्या हिशेबात निरुपयोगी ठरली.

पुढील घसरणीचा दोष मात्र केवळ या पद्धतीवर ढकलता येत नाही. टोनी कुनोव्स्की यांच्या नेतृत्वाखालील गटाला समाजवादाकडे झुकणारा कार्यक्रम आणि बांधेसूद संघटना हवी होती, तर दुसऱ्या गटाला व्यक्तीच्या जीवनशैलीतील बदल आणि सैल, सहभागी रचना अधिक महत्त्वाची वाटत होती. १९७८ मध्ये मते २.४ टक्क्यांवर आली, १९७९ मध्ये नेतृत्व मार्गारेट क्रोझियर यांच्याकडे गेले आणि अनेक कार्यकर्ते पांगले. १९८१ मध्ये तर पक्षाला अर्धा टक्काही मते मिळाली नाहीत. दरम्यान अण्वस्त्रमुक्तीसारख्या मागण्या मोठ्या पक्षांनी आपल्याशा केल्या होत्या.

१९९० मध्ये पक्षाचे अवशेष आणि नवे स्थानिक गट एकत्र येऊन ‘ग्रीन पार्टी’ स्थापन झाली; तिलाही त्या वर्षी सुमारे सात टक्के मतांच्या बदल्यात एकही जागा मिळाली नाही. मतांचे प्रमाण आणि जागा यांतील अशा विसंगतींमुळे निवडणूक सुधारणेची मागणी बळावत गेली होती, आणि त्या मोहिमेच्या आघाडीवर व्हॅल्यूज पार्टीत घडलेले रॉड डोनल्ड होते. १९९३ च्या सार्वमताने मिश्र प्रमाणशीर पद्धत स्वीकारली गेली. या पद्धतीत मतदार एक मत स्थानिक उमेदवाराला आणि दुसरे पक्षाला देतो, आणि पाच टक्के पक्षमते किंवा एक मतदारसंघ जिंकणाऱ्या पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. १९९९ मध्ये ग्रीन पार्टीला ५.२ टक्के मते आणि सात जागा मिळाल्या. पूर्वाश्रमीच्या व्हॅल्यूज कार्यकर्त्या जेनेट फिट्झसायमन्स यांनी कोरोमंडल मतदारसंघही जिंकला.

१९७५ आणि १९९९ या दोन निवडणुकांतील मतांचे प्रमाण जवळजवळ सारखे असून फलित पूर्णपणे वेगळे आहे. म्हणून व्हॅल्यूज पार्टीला केवळ फसलेला प्रयोग मानणे अपुरे ठरते. अंतर्गत मतभेदांनी तिची संघटना मोडली हे खरे. परंतु त्या संघटनेत तयार झालेल्या माणसांपैकी काहींनी पराभवाचे कारण ओळखून निवडणुकीचे नियमच बदलण्याच्या कामात भाग घेतला, आणि लहान पक्षांना संसदेचे दार त्यामुळेच उघडले.