पंचनाम्यात न येणारे नुकसान

आपत्तीनंतर मुलांना धान्याइतकीच शाळेची आणि ऐकून घेणाऱ्या माणसाची गरज असते. किल्लारीपासून चांदवडपर्यंतच्या अनुभवांचा अर्थ

चांदवड : मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवड बाहेरच्यांना ठाऊक असते ते अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालामुळे आणि रेणुकादेवीच्या मंदिरामुळे. सातमाळा डोंगररांगेच्या सावलीतील या तालुक्याची दुसरी ओळख पावसाशी, किंबहुना त्याच्या नसण्याशी निगडित आहे. नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडील भाग धो-धो पावसात भिजत असतो, तेव्हा चांदवड, नांदगाव, येवला हा पट्टा अनेकदा ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो. उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर पाण्याचे टँकर फिरतात. कधी कांदा काढणीला आलेला असतानाच अवकाळी पाऊस आणि गारपीट येते आणि हंगाम मातीमोल होतो.

अशा प्रत्येक संकटानंतर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात व पंचनामे होतात. किती हेक्टर पीक गेले, किती घरांची पडझड झाली, किती जनावरे दगावली, याची नोंद होते. मात्र त्या घरातील सातवीच्या मुलाने शाळेत जाणे का सोडले, किंवा आभाळ भरून आले की पहिलीतील मुलगी रडू का लागते, हे लिहिण्यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. भूकंप, पूर, दरड किंवा दुष्काळ यांपैकी आपत्ती कोणतीही असो, मुलांचे हे नुकसान मोजले जात नाही आणि म्हणूनच त्याची भरपाईही बहुधा राहून जाते.

किल्लारीने दिलेला धडा

महाराष्ट्रात या प्रश्नाची व्यापक जाणीव झाली ती किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील गावे हादरली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते आणि गावे झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळून हजारो माणसे दगावली. अनेक मुलांनी एका रात्रीत आई-वडील, भावंडे आणि घर गमावले.

अन्न, वस्त्र आणि निवाऱ्याची मदत देशभरातून आली. मुलांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न मात्र त्या गर्दीत मागे पडण्याची भीती होती. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणले आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. पुढे पुण्याजवळील वाघोली येथे या कामासाठी शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. नंतरच्या काळात मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे शिकली.

या प्रयोगाचे महत्त्व संख्येपेक्षा कालावधीत आहे. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आपत्ती फार तर महिनाभर राहते. पाचवीतल्या मुलाला दहावीपर्यंत पोहोचायला मात्र पाच वर्षे लागतात आणि स्वतःच्या पायावर उभे राहायला त्याहून अधिक. मदतीचे वेळापत्रक बातमीच्या आयुष्यावर बेतायचे की मुलाच्या वयावर, हा प्रश्न वाघोलीने ठळकपणे पुढे आणला.

भीतीची भाषा

आपत्तीनंतर मुले अनेकदा आपल्या मनातले बोलून दाखवत नाहीत. त्यांचे वागणे बोलते. तीन-चार वर्षांची मुले आईला क्षणभरही सोडत नाहीत, अंगठा चोखू लागतात, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते. प्राथमिक शाळेतील मुलांचे पोट वा डोके वारंवार दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. काही मुले तीच घटना खेळात पुन्हा पुन्हा रचतात. वाळूचे घर बांधून ते पाडतात. मोठ्यांना हा खेळ अशुभ वाटतो आणि ते तो थांबवतात. वस्तुतः न पेलणारा अनुभव आपल्या आवाक्यात आणण्याची ती मुलांची पद्धत असते.

किशोरवयीन मुलांचे दुःख ओळखणे सर्वांत अवघड. ती गप्प होतात किंवा चिडतात. ‘मी वाचलो, धाकटा भाऊ का नाही?’ असा अपराधभाव काहींना आतून पोखरतो. कुटुंबाचा आधार गेलेला असेल तर ती एकाएकी मोठ्यांसारखी वागू लागतात. गावात त्यांच्या समजूतदारपणाचे कौतुक होते आणि या कौतुकातच त्यांची शाळा सुटते.

यातील बहुतेक प्रतिक्रिया हा आजार नसतो. अघटित प्रसंगाला मनाने दिलेला तो स्वाभाविक प्रतिसाद असतो. सुरक्षितता, ओळखीची माणसे आणि ठरलेली दिनचर्या मिळाली की बरीच मुले काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात. लक्षणे दीर्घकाळ टिकली, झोप आणि भूक हरपली, किंवा मूल जीव नकोसा झाल्याचे बोलू लागले, तर तज्ज्ञांची मदत तातडीने घ्यायला हवी.

समुपदेशन म्हणजे उलटतपासणी नव्हे

आपत्तीनंतर मुलांना जमवून ‘त्या रात्री काय झाले ते सांगा’ असे विचारणे म्हणजे समुपदेशन, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे. घटनेचे वर्णन करण्यास लगेच भाग पाडणाऱ्या पद्धतीने लाभ होत नाही आणि काहींना अपायही होऊ शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्याऐवजी मानसिक प्रथमोपचाराचा पुरस्कार करते. या प्रथमोपचाराची तीन सूत्रे आहेत : परिस्थिती पाहणे, मूल बोलेल तेवढे ऐकणे आणि त्याला आवश्यक त्या मदतीशी जोडून देणे. हे काम शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती किंवा गावातील जाणती मावशीही थोड्या प्रशिक्षणानंतर करू शकते.

आंतरराष्ट्रीय मदत संस्थांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत या मदतीचे चार थर सांगितले आहेत. तळाशी अन्न, पाणी, निवारा आणि सुरक्षितता. त्यावर कुटुंब आणि गावाचा आधार. त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत. आणि सर्वांत वरच्या लहान टोकावर मानसोपचारतज्ज्ञ. भारतात बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ, २००१ चा गुजरातचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या आपत्तींनंतर स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यावर भर दिला, तो याच विचाराने. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मनोसामाजिक आधाराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात मिळणे कठीण असले, तरी शिक्षक मात्र प्रत्येक गावात असतो.

शाळा हाच पहिला आधार

म्हणूनच आपत्तीनंतर शाळा लवकर सुरू होणे हे अभ्यासक्रमापुरते महत्त्वाचे नसते. घंटा, परिपाठ, हजेरी, दुपारची खिचडी आणि मधल्या सुटीतला खेळ यांतून मुलाला जग पुन्हा रुळावर येत असल्याची खात्री पटते. गुजरातच्या भूकंपात हा आधारच कोसळला होता. २६ जानेवारी २००१ रोजी अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेले १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक ढिगाऱ्याखाली दगावले. त्यानंतर गुजरातमध्ये तात्पुरत्या शाळा उभारून वर्ग सुरू करण्याला मदतकार्यात स्थान मिळाले. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा गावातील शाळेची इमारत मात्र उभी राहिली होती. इमारत वाचली, पण वर्गातले मित्र उरले नाहीत, अशी तेथील स्थिती होती. शाळेचा आधार भिंतींपेक्षा माणसांत असतो, हे यावरून ध्यानात यावे.

प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. पूर आला की गावातील पक्की इमारत म्हणून शाळेचीच निवारा छावणी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात अनेक शाळांत पूरग्रस्तांची सोय करावी लागली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई आहे. परंतु जनगणना आणि निवडणुकीबरोबर आपत्ती मदतकार्य हा त्याला अपवाद आहे. परिणामी मुलाला ओळखीच्या शिक्षकाची सर्वाधिक गरज असते, त्याच दिवसांत तो शिक्षक याद्या आणि धान्यवाटपात गुंतलेला असू शकतो. मदतकार्य आवश्यकच आहे. तथापि प्रत्येक शाळेतील किमान एका शिक्षकाला मुलांसाठी मोकळे ठेवणे प्रशासनाला अशक्य नाही.

स्थलांतरित पालकांनी कायद्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. दाखला मिळण्यास उशीर झाला वा जन्माचा पुरावा वाहून गेला, म्हणून सहा ते चौदा वयोगटातील मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. शाळा मध्येच सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

घर की वसतिगृह?

आई-वडील गमावलेल्या मुलांना दूरच्या वसतिगृहात न्यावे की नातेवाइकांकडे ठेवावे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. वसतिगृहात नियमित शाळा, पोटभर जेवण आणि समदुःखी सोबती मिळतात. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा आश्रमशाळांत राहणारी काही मुले त्यामुळेच बचावली. पण ज्या घरी सुटीत परतायचे, ते घरच त्यांना उरले नाही. दुसरीकडे, आजी-आजोबा, काका-मामा, बोली आणि शिवार यांपासून तोडले जाणे ही मुलासाठी दुसरी आपत्ती ठरू शकते.

त्सुनामीनंतर तामिळनाडू सरकारने अनाथ मुलांना परस्पर कोणाच्याही हाती देण्यास मज्जाव केला आणि नागपट्टिनमसारख्या बाधित जिल्ह्यांतच शासकीय बालगृहे उघडली. मदतीच्या नावाखाली मुलांची तस्करी होऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता. बालन्याय कायद्यानुसारही अशा मुलाविषयीचा निर्णय जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने घ्यावयाचा असतो आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा पर्याय मानला जातो. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. अलीकडच्या वाढीनंतर तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. मूल वसतिगृहात असले तरी सुटीत जाण्यासाठी हक्काचे एक घर आणि गावाशी नाते टिकणे आवश्यक असते.

संथ आपत्तीतील मुले

चांदवडसारख्या तालुक्यांतील प्रश्न अधिक अवघड आहे, कारण दुष्काळाला तारीख नसते. भूकंपानंतर पथके धावतात. पाऊस लांबला म्हणून समुपदेशक गावात येत नाही. विहीर आटते, कांद्याचा पैसा येत नाही, घरात भांडणे वाढतात, वडील मुके होतात. टँकरची वाट पाहण्यासाठी मुलीला घरी ठेवले जाते. महाविद्यालयाचे शुल्क थकते. आई-वडील कामासाठी स्थलांतर करतात आणि मूल पहिल्या सत्रानंतर पटावरच उरते. यातील कोणतीही गोष्ट एका दिवसात घडत नाही, त्यामुळे तिला आपत्ती असे नावही मिळत नाही.

तरतुदी अजिबात नाहीत असे नव्हे. राज्यात दुष्काळ जाहीर झाल्यावर द्यावयाच्या सवलतींत परीक्षा शुल्कमाफीचा समावेश असतो. दुष्काळी भागात उन्हाळी सुटीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला आणि २०१६ मध्ये तो पुन्हा अधोरेखित केला. स्थलांतरित मजुरांच्या मुलांनी गावातच राहून शिकावे, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आखण्यात आली. तथापि या सवलती दुष्काळाच्या घोषणेशी वा कागदपत्रांशी बांधलेल्या असतात. घोषणा होईपर्यंत एखाद्या मुलीची शाळा सुटून दोन महिने उलटलेले असू शकतात.

या तालुक्यात शिक्षणाची परंपरा दुबळी नाही. चांदवडचे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ पासून निवासी शिक्षणाचे काम करीत आले असून आज त्याच्या आवारात शाळेपासून अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण मिळते. १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन याच गावी भरले आणि शेतकरी स्त्रीचे प्रश्न राज्यापुढे आले. शेतकऱ्याच्या घरातील मुलांचा प्रश्नही तितक्याच स्पष्टपणे मांडला जाण्याची आता गरज आहे.

काय करता येईल?

पहिले पाऊल खर्चाचे नाही. मुलाने सलग काही दिवस गैरहजर राहणे, हा शाळेने धोक्याचा इशारा मानावा आणि नोटीस पाठवण्याऐवजी शिक्षकाने घरी जावे. प्रत्येक केंद्रातील दोन-तीन शिक्षकांना मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण संकट येण्यापूर्वीच मिळावे. पंचनाम्यासाठी जाणाऱ्या पथकाने ‘घरात शाळेत जाणारी मुले किती, सध्या जातात का?’ हे दोन प्रश्न विचारून उत्तरे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवली, तरी गळती वेळीच कळेल.

अडचणीतील मुलासाठी १०९८ ही बाल मदतवाहिनी आणि मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिलेले असावेत.

शहरी वाचकांचा वाटाही मोठा आहे. आपत्तीनंतर ट्रक भरून जुने कपडे आणि वह्या पाठवल्या जातात. त्यापेक्षा एका मुलाचे वसतिगृह वा प्रवासाचे शुल्क तीन-चार वर्षे नियमितपणे, शाळेच्या माध्यमातून आणि छायाचित्राची अपेक्षा न ठेवता भरणे अधिक उपयोगी ठरते. दगावलेल्या पिकाची भरपाई उशिरा मिळाली तरी पुढच्या हंगामात शेत पुन्हा पेरता येते. आठवीत सुटलेली शाळा मात्र विसाव्या वर्षी सहजासहजी भरून निघत नाही.