तळं ठीक आहे, असं कधी म्हणायचं?

मंडळी, मागच्या वेळी आपण ‘अंश आणि समग्र’ हा विषय घेतला होता. आज त्याच प्रश्नासाठी तुम्हाला एका तळ्याकाठी नेतो. कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य भागात, खास संशोधनासाठी राखलेली तळी आहेत. त्यातलं एक तळं नुसत्या क्रमांकानेच ओळखलं जातं : २२३.

१९७६ पासून डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तळ्यात वर्षानुवर्षं मोजून सल्फ्युरिक आम्ल सोडलं. आम्लवर्षेमुळे तळ्यात नेमकं काय बिघडतं, आणि कोणत्या क्रमाने, ते त्यांना पाहायचं होतं. पीएच ६.८ वरून हळूहळू ५ च्या आसपास आला. फरक छोटा वाटतो ना? पण पीएचचा एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे इथे ती साठपट झाली!

आता गंमत बघा. शेवाळांचं एकूण उत्पादन घटलं नाही. मोठे लेक ट्राउट मासेही पोहत होते. वरवर सगळं ठीक. पण पीएच ६ च्या खाली जाताच मायसिस हा कोळंबीसारखा इवलासा जीव जवळजवळ नाहीसा झाला. फॅटहेड मिनो या छोट्या माशाची वीण थांबली. ट्राउटचं हेच तर खाणं! आम्लाने ट्राउट थेट मारला नाही, त्याच्यापुढचं ताट काढून घेतलं. मासे हाडकुळे होत गेले.

आणि सूक्ष्मजीव? तळाच्या चिखलात, जिथे प्राणवायू नसतो, तिथले काही जिवाणू श्वसनासाठी सल्फेट वापरतात. त्या व्यवहारात त्यांनी ओतलेल्या आम्लाचा काही भाग निकामी केला. तळं जणू स्वतःच औषध घेत होतं. अमोनियापासून नायट्रेट करणारे जिवाणू मात्र पीएच साडेपाचच्या सुमारास थंडावले.

पुढे आम्ल कमी केल्यावर काही माशांची वीण पुन्हा सुरू झाली. म्हणजे वेळीच हात आखडता घेतला, तर काही गोष्टी सावरतात.

पण ‘वेळीच’ म्हणजे केव्हा? आपण बेरीज तपासतो : उत्पादन किती, मोठे मासे किती. बेरीज तीच राहते आणि आतली नाती तुटलेली असतात. समग्र म्हणजे अंशांची नुसती बेरीज नव्हे, हे मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. या तळ्याने ते दाखवून दिलं. तेव्हा तब्येत विचारायची तर आधी लहानांची विचारा. मोठा मासा हाडकुळा दिसेपर्यंत थांबलो, तर उशीर झालेला असतो.