मोठ्या साखळी-करवतींची तुलना : वजन, शक्ती आणि चीर

साखळी-करवतींची तुलना करताना एंजिनाचे घनमान हाच मापदंड बहुधा पुढे केला जातो. घनमान मोठे तितके यंत्र श्रेष्ठ, असा समज त्यामागे असतो. परंतु यंत्राचे वजन कामाच्या वेळी कोणी पेलावयाचे, हे ठरल्यावाचून त्याच्या योग्यतेचा निवाडा होऊ शकत नाही.

जर्मनीतील श्टील कंपनीची दोन यंत्रे उदाहरणादाखल घेता येतील. एमएस ६६१ चे घनमान ९१.१ घन सेंटिमीटर, शक्ती ५.४ किलोवॅट व पट्टी-साखळीवाचून वजन ७.४ किलोग्रॅम, एमएस ८८१ चे हेच आकडे अनुक्रमे १२१.६, ६.४ व ९.९ असे आहेत. म्हणजे घनमान व वजन ही दोन्ही सुमारे एकतृतीयांशाने वाढली. शक्तीतील वाढ मात्र एकपंचमांशाहूनही कमी. दर किलोग्रॅममागे लहान यंत्र ०.७३ किलोवॅट देते, तर मोठे ०.६५. स्वीडनमधील हुस्कवर्नाच्या ३१२० एक्सपी या जुन्या रचनेत हे प्रमाण ०.६० च्या आसपास पडते. (१९५९ साली नावाजलेल्या श्टील कॉन्ट्राचे वजन १२ किलोग्रॅम व शक्ती ६ अश्वशक्ती होती, हे पाहता मधली प्रगती लहान नव्हे.)

वृक्ष पाडताना व फांद्या तोडताना करवत दिवसभर हातांनी उचलावी लागते. येथे सुमारे ९० घन सेंटिमीटरचे यंत्रच बहुधा सरस ठरते. अतिरिक्त अडीच किलोग्रॅम दंडांना थकवितात, आणि थकलेल्या हाताकडून उसळत्या पट्टीला आवर घातला जात नाही. कंपनांमुळे बोटे पांढरी पडण्याचा विकारही सर्वज्ञात आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने आठ तासांच्या सरासरीवर ५ मीटर प्रति वर्ग सेकंद ही कमाल मर्यादा घातली, ती याचसाठी.

फळ्या पाडण्याच्या कामात मात्र पारडे फिरते. येथे करवत चौकटीत बसवून ओंडक्यावर टेकलेली असते. वजन ओंडका पेलतो. उलट दाते तंतूंच्या टोकांशी झुंजत असल्याने एंजिनाला कित्येक मिनिटे अखंड पूर्ण भार सोसावा लागतो. आडव्या छेदात अशी वेळ क्वचितच येते. द्विघाती एंजिन हवेने थंड होते व इंधनात मिसळलेल्या तेलावर वंगणासाठी विसंबते. मिश्रणात इंधन कमी पडले की तापमान चढून पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून मोठे घनमान, मुबलक तेल सोडणारा पंप आणि लांब पट्टीच्या टोकाशी तेलाची वेगळी धार यांना येथे महत्त्व. दात्यांची धारही बदलावी लागते : आडव्या छेदासाठी सुमारे ३० अंशांचा कोन चालतो, उभ्या चिरण्यासाठी तो सुमारे १० अंशांवर आणतात.

तथापि एंजिन कितीही समर्थ असले तरी चिरेची रुंदी घटत नाही. जाड साखळीची चीर सुमारे ९ मिलिमीटर असते. २५ मिलिमीटरच्या फळ्या पाडल्यास प्रत्येक ३४ मिलिमीटरांपैकी ९ भुशात जातात, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक लाकूड. पट्टा-करवतीची चीर सुमारे २ मिलिमीटर धरली, तर हीच हानी साडेसात टक्क्यांच्या आत राहते. जेथे ओंडका हलविता येतो, तेथे साखळी-करवतीने फळ्या पाडणे हा अपव्ययच होय. परंतु एक मीटर व्यासाचा, चार मीटर लांबीचा ओल्या ओकचा ओंडका सुमारे तीन टन भरतो. रस्ता नसलेल्या उतारावरून तो खाली आणण्यापेक्षा जागीच चिरून फळ्या वाहून नेणे पुष्कळदा स्वस्त पडते.